माळ्यावरचं दप्तर उतरवायचं असेल तर

महसूल खात्यातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो आणि मोडी वाचता येतं म्हणून लोक घरी येऊ लागले. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, हुक्केरी, चिकोडी, रायबाग, कुठूनही येतात. कोणी देसाई, कोणी इनामदार, कोणी कुलकर्णी. प्लास्टिकच्या पिशवीत एकच कागद असतो आणि प्रश्नही एकच: "आण्णा, ह्यात आमची जमीन किती आहे ते तेवढं सांगा." बाकीचं दप्तर कुठं आहे म्हणून विचारलं की उत्तर येतं, "ते काय, नुसते हिशेब हो. माळ्यावर पडलेत." खरी मेख इथंच आहे. सगळ्यांना तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो.

दप्तर पावसाळ्यात उतरवू नका. खानापूरकडच्या घरात जुलै महिन्यात कागद ओल धरून एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला गेलं की पापुद्रे निघतात. दिवाळी झाल्यावर, कोरडी हवा बघून काढा. खाली स्वच्छ चादर अंथरा, नाकाला रुमाल बांधा. आणि दप्तराचा रुमाल, म्हणजे ज्या कापडात कागद बांधलेत तो, सोडण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो घ्या. कुठल्या कोनाड्यात होता, वर काय होतं, खाली काय होतं, तेही लिहा. मग एक रुमाल संपेपर्यंत दुसऱ्याची गाठ सोडायची नाही.

घरातली उत्साही पोरं पहिल्याच दिवशी सगळे कागद एकत्र करून तारीखवार लावायला बसतात. त्यांना आधी चहाला पाठवा. कागद ज्या क्रमाने बांधलेत तो क्रम बांधणाऱ्या कारकुनाने काहीतरी मनात धरून ठेवलेला असतो. एका घरी दत्तकपत्राच्या घडीत चार बोटं रुंदीची चिठ्ठी निघाली. ना तारीख, ना मथळा, फक्त सात-आठ जिन्नस, पागोटी कोणाकोणाला दिली ते, आणि पुढे रुपये-आणे. सुटी मिळाली असती तर वाण्याची यादी म्हणून फेकली गेली असती. दत्तकपत्राच्या पोटात होती म्हणून कळलं की तो दत्तविधानाचा खर्च, आणि त्यातल्या पागोट्यांवरून कोणकोणते भाऊबंद हजर होते तेही कळलं. पुढे वाटणीच्या भांडणात "आम्हाला ठाऊकच नव्हतं" म्हणणारी शाखा त्यात होती.

साफसफाई कमीत कमी करा. मऊ कोरडा ब्रश पुरे. जुन्या कागदाची घडी उघडली की कधी कधी चिमूटभर वाळू सांडते. शाई टिपायला टाकलेली ती वाळू, अक्षरांना चिकटलेले कण नखाने खरवडायचे नाहीत. ओलं फडकं तर जवळसुद्धा आणू नका. काजळीची शाई पाण्याने पसरते आणि शंभर-दोनशे वर्षं टिकलेला मजकूर मिनिटात जातो. सेलोटेप नको, लॅमिनेशन अजिबात नको, उन्हात वाळत घालणं नको. गंजलेल्या टाचण्या काढा. कागदावर नंबर घालायचा तर मागच्या बाजूला कोपऱ्यात, शिसपेन्सिलीने.

आता वाचन. मोडीत आधी रेघ ओढून तिला अक्षरं टांगत जातात, शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत. बाराखडी महिनाभरात येते, सराव व्हायला वर्ष जातं. तोवर निदान तारीख काढायला शिका, कारण कागदाची जागा तिथंच ठरते. पेशवाईतल्या कागदावर शुहूर सन अरबी शब्दांत, अक्षरी असतो आणि एकक आधी येतं. "समान अशर मयातैन व अलफ" म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार: १२१८. त्यात ५९९ मिळवा, १८१७ आलं. पण हे वर्ष मृगापासून, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून धरतात. कागद जानेवारी ते मे मधला असेल तर ६०० मिळवायचे. इंग्रज सेनापती मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला तो एप्रिल १८१८ मध्ये, म्हणजे ह्याच शुहूर साली. फसली, म्हणजे महसुली सन असेल तर ५९० किंवा ५९१, शके असेल तर ७८ किंवा ७९. तारखेआधी "छ" दिसला तर तो चंद्र, पुढे मोहरम, सफर, जिल्काद असा मुसलमानी महिना येणार.

कानडी कागद निघाला म्हणून वेगळा काढू नका. आपल्या भागात मराठी घरात कानडी पावती आणि लिंगायत देसायांच्या घरात मोडी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या हिशेबाची वही, हे सर्रास आहे.

तारीख लागली की लगेच दुसरा प्रश्न: त्या साली तुमचं गाव कोणाच्या अमलात होतं? इथं लोक फार फिरतात. सगळं बेळगाव इंग्रजांचं होतं असं धरून कुठल्या तरी कचेरीत वर्षभर खेटे घालतात. बेळगाव शहराला लागून असलेलं शहापूर सांगली संस्थानचं होतं. रायबाग कोल्हापूरचं. चिकोडी आणि मनोळी १८१८ नंतर काही वर्षं करवीरकरांकडे, म्हणजे कोल्हापूरकरांकडे होती, मग परत कंपनी सरकारकडे गेली. रामदुर्ग स्वतःच संस्थान. सांगली १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, कोल्हापूर १९४९ मध्ये, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका सोडून बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. माणसं जागेवरच राहिली, कागद मात्र चार गावांत पांगले. पेशवाईतलं आणि इंग्रजांनी केलेल्या इनामांच्या चौकशीचं बघायचं तर पुण्याचं पुराभिलेखागार, करवीर अमलातलं असेल तर कोल्हापूर, मुंबई सरकारच्या पत्रव्यवहारासाठी मुंबई. कर्नाटकाचं राज्य अभिलेखागार बेंगळुरूला, पण त्याआधी धारवाडच्या विभागीय कार्यालयात विचारावं. जाताना गावाचं नाव, जुना तालुका आणि घराण्याचं आडनाव कागदावर लिहून न्या. "आमचं काहीतरी असेल बघा" म्हणून गेलात तर तिथला माणूस तरी काय शोधणार?

सनद काचेत घालून बैठकीच्या खोलीत लावलेली असते, तिच्याबद्दल मला फारसं काही सांगायचं नाही. तिचा मजकूर बहुतेक सरकारच्या नोंदवहीतही मिळतो. वसुलाच्या वह्या मात्र तुमच्या घराशिवाय कुठंच मिळणार नाहीत. वसूल-बाकी, कीर्द, खतावणी, कबुलायती (कुळांनी लिहून दिलेले करार) ह्यांत कुळांची नावं, त्यांचे बाप, कोणत्या शेतात जोंधळा आणि कोणत्यात भात, दुष्काळात किती सूट दिली, हे सगळं ओळीने असतं. जमीन आधी मार, कुर्गी अशा मापात दिसेल. १८४० च्या दशकात विंगेट ह्या इंग्रज अधिकाऱ्याची जमीनमोजणी सुरू झाली, तिच्यानंतर सर्व्हे नंबर, एकर, गुंठे येतात. दोन्ही मापं असलेली वही सापडली तर ती आधी जपा. त्याच वहीवरून जुन्या शेताच्या नावाला आजचा सर्व्हे नंबर जोडता येतो. सोबत भूमापन खात्यातून आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंद) आणि टिपण (मोजणीचा कच्चा नकाशा) ह्यांची नक्कल घ्यावी.

वेल्समध्ये जमीनदार घराण्यांचं असंच झालं. विसाव्या शतकात जमिनी विकल्या गेल्या आणि दप्तरं ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात येऊ लागली. क्लाइव्हचे कागदही तिथंच आहेत. अभ्यासक तिथं खंडाच्या वह्या उघडून बसतात, कारण साध्या कुळांची नावं त्यांतच सापडतात. विन्स्टे ह्या तिथल्या एका बड्या जमीनदाराच्या वाड्याचं ग्रंथालय १८५८ च्या आगीत जळालं. तिकडच्या इस्टेटींचे पुष्कळ कागद मालकापेक्षा त्याच्या वकिलाच्या कपाटात निघाले. तेव्हा देसायांच्या वाड्यात काही नाही म्हणून हात झटकू नका, कुलकर्ण्यांच्या घरी जाऊन विचारा.

जमिनीच्या आशेने आलेल्यांना स्पष्टच सांगतो. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, खासगी इनामांचा कायदा १९५२ चा, आणि कुळांच्या ताब्यातली उरलीसुरली जमीन १ मार्च १९७४ ला कर्नाटकाच्या कुळकायद्यात सरकारजमा झाली. कुळांनी फॉर्म नंबर सात भरून कब्जेहक्क घेतले. सनद सापडली म्हणून पहाणीवरचं, म्हणजे सात-बाऱ्यासारख्या आपल्या उताऱ्यावरचं नाव बदलत नाही. खटला चालू असेल तर मूळ कागद वकिलाला दाखवा, पण त्याच्याकडे ठेवून येऊ नका.

फोटो काढताना प्रत्येक कागदाशेजारी रुमाल नंबर आणि कागद नंबरची चिठ्ठी ठेवा, शेजारी पट्टी, आणि मागची बाजू कोरी दिसली तरी तिचाही फोटो घ्या. शेरे आणि शिक्के बरेचदा मागेच असतात. यादी मराठीत करा, कानडीतही करा, कारण पुढच्या पिढीतलं कोण काय वाचेल सांगता येत नाही. यादीची आणि फोटोंची एकेक प्रत प्रत्येक भाऊबंदाला द्या. लपवून ठेवलं की संशय, आणि संशयापायी रात्रीत एखादा रुमाल गायब होतो. मूळ कागद मात्र एकाच घरी, जमिनीपासून वर, सुती कापडात. अभ्यासक, पुढारी, पाहुणा, कोणीही मागितले तर घरी बसून वाचू द्यावेत. न्यायलाच हवेत म्हणाला तर कागदांचे नंबर आणि परत द्यायची तारीख घालून पोच लिहून घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी.