घरातल्या प्लॅस्टिकचा हिशेब कसा ठेवावा

घरातून महिन्याकाठी किती प्लॅस्टिक बाहेर पडते आणि त्यातले किती पुनर्प्रक्रियेला जाते, हे समजण्यासाठी एक वही, एक ताणकाटा आणि दोन पोती पुरेशी आहेत. वहीत तारीख, प्रकार, वजन आणि ‘कोणी नेले’ असे चार रकाने आखावेत. चौथा रकाना कधीही कोरा सोडू नये, कारण घंटागाडीत टाकलेला माल पुढे कोठे जातो हे आपल्याला दिसत नाही, तर भंगारवाला जे पैसे मोजून नेतो ते बहुधा कारखान्यापर्यंत पोहोचते.

प्रकार ओळखण्यासाठी वस्तूच्या तळाशी त्रिकोणात असलेला आकडा पाहावा. पाण्याच्या बाटलीवर १, शाम्पूच्या बाटलीवर बहुधा २, तर जेवणाच्या डब्यांवर बहुतेक वेळा ५ असतो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या चटई उद्योगात पुनर्प्रक्रिया केलेले पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे हाच ५ क्रमांक, वापरले जाते. आकडा पुसलेला असल्यास छोटा तुकडा कापून पाण्यात बुडवून सोडावा. २, ४ आणि ५ तरंगतात, १ आणि ३ तळाशी जातात.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, तो पिशवीलाच लटकत ठेवावा, कारण सुटलेला कोपरा कोणीही वेचत नाही. पिशवी उलटी करून धुवावी आणि सावलीत वाळवावी. आपल्याकडच्या उन्हात प्लॅस्टिक फार दिवस राहिले की ते ठिसूळ होते. एकेकटी पिशवी काट्यावर दिसतच नाही, म्हणून पोते भरल्यावरच वजन करावे.

शेव-चिवड्याची चकचकीत पाकिटे अनेक थरांची असल्याने भंगारवाला ती सहसा नाकारतो. ती वेगळी तोलावीत, कारण खरेदीची सवय बदलून कमी करता येण्यासारखा आकडा हाच आहे. शेवभाजीची शेव दुकानातून स्वतःच्या डब्यात आणता येते.

रावेर-यावलकडील शेतकरी कुटुंबांनी ठिबकच्या जुन्या नळ्या आणि केळीच्या घडांवरच्या पिशव्या यांसाठी वेगळे पान ठेवावे, नाहीतर घरचा आकडा त्यांत हरवून जातो. कीटकनाशकांच्या बाटल्या मात्र घरच्या पोत्यात कदापि मिसळू नयेत.

महिनाअखेरीस भंगारात गेलेल्या वजनाला एकूण वजनाने भागून शंभराने गुणावे: ३ किलोपैकी १.८ किलो गेले असेल, तर प्रमाण ६० टक्के. दिवाळीच्या महिन्याची तुलना मागील दिवाळीशीच करावी.