गेट ते पोर्च: पेव्हर ब्लॉकची वाट टिकवायची कशी

पेव्हर ब्लॉकची वाट खचली की दोष ब्लॉकवर येतो. पण खचलेला ब्लॉक उचलून पाहा, तो बहुतेक वेळा ठणठणीत असतो. गेलेली असते ती त्याच्या खालची आणि बाजूची वाळू. म्हणून बंगल्याच्या किंवा रो-हाउसच्या गेटपासून पोर्चपर्यंतची वाट टिकवायची तर दोन गोष्टी सांभाळायच्या: वाळू जागेवर राहिली पाहिजे आणि पाणी थांबता कामा नये.

या वाटेच्या पोटात काय असतं ते आधी लक्षात घ्या. सगळ्यात खाली धुमसलेला मुरूम, त्यावर खडी आणि कच (दगडाचा बारीक चुरा) यांचा दाबलेला थर, त्यावर २५ ते ४० मिलिमीटर जाडीची वाळूची गादी आणि तिच्यावर ब्लॉक. दोन ब्लॉकांमधली फट २ ते ४ मिलिमीटरची, तीही बारीक वाळूने भरलेली. ही वाळू नुसती फट बुजवायला नसते. चाक एका ब्लॉकवर आलं की तो शेजारच्याला रेटा देतो, तो पुढच्याला, आणि वजन वाटलं जातं. फट रिकामी झाली की प्रत्येक ब्लॉक एकटा पडतो. चाकाखाली डुगडुगतो, पावसात दर वेळी खालचं पाणी दाबतो, आणि ते पाणी गादीतली वाळू घेऊन फटीतून वर येतं. पावसाळ्यात ब्लॉकांच्या कडेला गढूळ पाण्याचे डाग दिसायला लागले की हे सुरू झालं असं समजा.

देखभालीला वर्षातून दोन मुहूर्त पुरतात. पहिला मे महिन्यात, मृगाच्या आधी. दुसरा दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर. भर पावसात दुरुस्ती काढू नका. ओली वाळू फटीत उतरत नाही, वरच अडकते.

आधी पाण्याची वाट पाहा

जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन दहा मिनिटं बाहेर उभं राहा. वर्षभर पाहून जे कळत नाही ते तेवढ्यात कळतं. ३ मीटर रुंद आणि ८ मीटर लांब वाटेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर १,२०० लिटर पाणी होतं. ते कुठून जातं आणि कुठे थांबतं, तिथे खडूने नाही तर विटेच्या तुकड्याने खूण करा आणि पाऊस संपल्यावर ती जागा तपासा. उतार दर मीटरला २ सेंटिमीटर हवा आणि तो घराच्या भिंतीपासून दूर जाणारा हवा. पावसाळ्याला अजून वेळ असेल तर बादलीभर पाणी ओता. पाणी पसरून निघून गेलं पाहिजे, तळं करून बसता कामा नये.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते गच्चीच्या पाइपमुळे आणि पोर्चच्या पागोळ्यांमुळे. पोर्चच्या कडेखाली एका सरळ रेषेत फटी धुतलेल्या दिसतील. वरून पडणारी धार महिनाभर त्याच जागी कोरत असते. पन्हाळ लावा किंवा पागोळी पडते त्या ओळीत फूटभर रुंदीची शहाबादी फरशी बसवा. गच्चीचा पाइप ब्लॉकांवर सोडू नका. तो पुढे वाढवून गटारात किंवा शोषखड्ड्यात न्या. हे केल्याशिवाय फटी भरल्या तर ती वाळू पहिल्याच पावसात वाहून जाईल.

फटी भरणे

पट्टी उभी धरून फटीतली वाळू ब्लॉकच्या वरच्या कडेपासून किती खाली आहे ते मोजा. ५ मिलिमीटरपर्यंत चालतं. १० मिलिमीटरपेक्षा खाली गेली असेल तर भरायलाच हवी.

आधी फटीतलं गवत मुळासकट काढा. पिंपळाचं किंवा उंबराचं बोटभर रोपही सोडू नका, त्याचं मूळ गादीत शिरलं की ब्लॉक उचलतं. मग खराट्याने झाडून घ्या, धुतलं असेल तर दोन कडक उन्हं जाऊ द्या. वाळू पूर्ण कोरडी हवी आणि गवंडी प्लॅस्टरची वाळू चाळतो त्या बारीक चाळणीतून गाळलेली हवी. धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालते. नुसती दगडाची भुकटी वापरू नका, तिच्यातली पूड ओल धरून ठेवते आणि फटीत शेवाळ वाढतं. कोकणात समुद्राची वाळू सहज मिळते, पण तिच्यातल्या मिठाने ब्लॉकांवर पांढरा खार फुटतो.

वाळू पसरून मऊ झाडूने तिरकी लोटा, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही फटींत उतरेल. मग ब्लॉकांवर लाकडी फळी ठेवून रबरी हातोड्याने ठोका. जागा मोठी असेल तर खाली रबर लावलेला प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरून दाबणारं यंत्र) दिवसाच्या भाड्याने आणा. ठोकल्यावर वाळू पुन्हा खाली बसते, पुन्हा लोटा. तीन फेऱ्यांत फट भरते. शेवटी वाळूचा पातळ थर आठवडाभर वर तसाच राहू द्या, गाडीच्या ये-जा होण्याने उरलेली जागा भरत जाते.

६० मिलिमीटर जाडीच्या ब्लॉकांना रिकाम्या फटी पूर्ण भरायला दर चौरस मीटरला साधारण ४ किलो वाळू लागते. वर सांगितलेल्या २४ चौरस मीटरच्या वाटेला शंभर किलो. दर वर्षी वरवर भरत राहिलात तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात, म्हणजे एका गोणीत, काम होतं.

एक चूक फार ठिकाणी दिसते: फटींत सिमेंटची रबडी ओतणे. गवत येणार नाही, मुंग्या येणार नाहीत, असं सांगून ती ओतली जाते. पण पेव्हरची वाट थोडी हलण्यासाठीच बांधलेली असते. सिमेंट हलत नाही, ते पहिल्याच उन्हाळ्यात ब्लॉकपासून सुटतं, केसाएवढी चीर पडते, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही. शिवाय पुढे एक ब्लॉक काढायचा झाला तर तो फोडूनच काढावा लागतो.

मुंग्या आणि घुशी

सकाळी फटीच्या कडेला रव्यासारख्या वाळूची छोटी वारुळं दिसतात. ती झाडून टाकली की विषय संपला असं वाटतं, पण वर आलेली प्रत्येक चिमूट खालून कमी झालेली असते. झाडाल तेव्हा तेवढी वाळू परत घाला.

घूस जास्त घातक. कंपाउंडच्या भिंतीलगत मातीचा ताजा ढीग आणि मूठभर तोंडाचं बीळ दिसलं तर ते ब्लॉकांखाली किती लांब गेलंय ते तपासा. लोखंडी सळईच्या टोकाने एकेक ब्लॉक ठोका. भरीव जागी आवाज बसका येतो, पोकळीवर ढब्ब वाजतं. ढब्ब वाजणाऱ्या ब्लॉकांवर खूण करत जा, बिळाची पूर्ण रेषा डोळ्यांसमोर येते. तेवढे ब्लॉक उचलून पोकळी खडी आणि सिमेंटने भरा. नुसती माती घातली तर घूस ती दोन रात्रींत उकरते.

किनार

कडेच्या ब्लॉकांना बाहेरून आधार देणारा कर्ब किंवा काँक्रीटची किनार तुटली की आतल्या सगळ्या ओळी बाहेर सरकू लागतात. गेटच्या तोंडाशी हे आधी होतं, कारण चाक तिथेच वळतं. गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग फिरवण्याची सवय सोडा. चाक ब्लॉकला पिळतं. किनारीचा सैल तुकडा काढून, खाली आणि मागे काँक्रीटचा तिरका टेकू देऊन परत बसवा आणि सात दिवस पाणी मारा.

गाडीसाठी ६० मिलिमीटरचे ब्लॉक पुरतात. टँकर किंवा भरलेला टेम्पो आत येणार असेल तर ८० मिलिमीटरचे हवेत. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन असतं. तो गेटबाहेर उभा करून पाइप आत ओढणं केव्हाही बरं. शेजारी बांधकाम चालू असताना खडीचा डंपर ‘पाच मिनिटांसाठी’ आत घेऊ नका.

खचलेला भाग उचलून बसवणे

दोन मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवून खालची फट १० मिलिमीटरपेक्षा जास्त भरली तर वरून वाळू टाकून भागणार नाही.

१. खचलेल्या भागाच्या चारही बाजूंनी दोन-दोन ओळी जास्त उचलायच्या. पहिला ब्लॉक काढायला दोन चपटे स्क्रू ड्रायव्हर समोरासमोरच्या फटीत घालून थोडं थोडं उचला. पहार घालू नका, कडा फुटतात. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, नक्षी परत जुळवताना लागतो.

२. गादीतली सगळी वाळू काढा आणि खालचा थर पाहा. तो ओला, लिबलिबीत असेल तर पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. पुष्कळदा बागेच्या नळाचा गळका सांधा सापडतो. काळी माती वर आली असेल तर ती फूटभर खोल काढून मुरूम भरा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरची वाट तिच्याबरोबर हलते.

३. मुरूम किंवा खडी-कच ७५ मिलिमीटरच्या थरांनी घाला, किंचित ओलं करून प्रत्येक थर धुम्मसाने ठोका. सगळं एकदम भरून वरून ठोकलं तर खालचं सैलच राहतं आणि पुढच्या श्रावणापर्यंत तिथेच खळगा पडतो.

४. वाळूच्या गादीसाठी दोन सारख्या जाडीचे पाइप आडवे ठेवा, मधे वाळू भरा, त्यांवरून सरळ पट्टी ओढून समतल करा. पाइप काढून त्यांच्या चरांत वाळू भरा. त्यावर पाय देऊ नका. खड्डा भरण्यासाठी वाळूची गादी जाड करणं ही पुढच्या खचण्याची सुरुवात असते. कमी पडलं तर खालचा थर वाढवा.

५. ब्लॉक शेजारच्या पातळीपेक्षा ५ ते ८ मिलिमीटर वर बसवा. ठोकल्यावर ते खाली येतात. फटी भरा, ठोका, पुन्हा भरा.

धुणं आणि डाग

शेवाळ ओलं असतानाच खराट्याने घासा. चिवट असेल तर १० लिटर पाण्यात साधारण १०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून, गाळ खाली बसल्यावर वरचं पाणी शिंपडा, वीस मिनिटांनी घासून धुवा. हातमोजे घाला, झाडांच्या आळ्यात ते जाऊ देऊ नका. ब्लीचिंगबरोबर ॲसिड कधीही वापरू नका, क्लोरिनचा विषारी वायू तयार होतो. ॲसिड एकटंही नको. ते सिमेंट खातं, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पुढच्या पावसात शेवाळ तिथे जास्त धरतं.

ऑइलच्या ताज्या डागावर पाणी ओतू नका. लाकडाचा भुसा टाकून अर्ध्या तासाने उचला. जुन्या डागावर धुण्याचा सोडा आणि गरम पाण्याची जाड पेस्ट लावून रात्रभर प्लॅस्टिकने झाका. प्रेशर वॉशर वापरायचा तर पसरट धारेचा, फूटभर अंतरावरून आणि तिरका धरून. सरळ फटीत धार मारली की वर्षभराची वाळू पाच मिनिटांत बाहेर येते.

कोबा असेल तर

वाट ब्लॉकची नसून कोब्याची, म्हणजे सलग काँक्रीटची असेल, तर चार इंची कोब्याला दर अडीच ते तीन मीटरवर इंचभर खोल सांधा कापलेला हवा. तो नसेल तर काँक्रीट स्वतःच तडा देऊन सांधा करून घेतं. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा आणि तीन महिन्यांनी पाहा. वाढला नसेल तर खरवडून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भरा. मे महिन्यात उघडतो आणि ऑगस्टमध्ये मिटतो असा तडा असेल तर खाली काळी माती आहे. तिथे सिमेंट टिकणार नाही. तो १० मिलिमीटर रुंद कापून, धूळ फुंकून, तळाशी फोमची दोरी दाबून वरून पीयू सीलंट (रबरासारखं ताणलं जाणारं भरण) भरा. इंटरनेटवर दाखवतात ते काळं सीलकोट डांबरी वाटेसाठी असतं, कोब्याला किंवा ब्लॉकला त्याचा उपयोग नाही.

ब्लॉक बसवून उरलेले दहा-पंधरा नग भंगारात देऊ नका. दुसऱ्या साच्यातला ब्लॉक एक-दोन मिलिमीटरने वेगळा निघतो आणि रंग तर जुळतच नाही. ते नग शेडमध्येही ठेवू नका; मागच्या अंगणात उन्हापावसात ठेवा, म्हणजे वाटेवरच्या ब्लॉकांबरोबर तेही तेवढेच फिके होतील.