कोरियात मित्रमंडळींसह समुद्रावर जाताना या चुका टाळा

सोल, सुवॉन, देजॉन किंवा बुसान येथे शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींचा एखादा तरी व्हॉट्सॲप गट असतो आणि जून उजाडला की त्यावर समुद्रावर जाण्याचा विषय निघतोच. सात-आठ जण लगेच होकार देतात, कोणीतरी एखाद्या किनाऱ्याचे छायाचित्र टाकते आणि सहल ठरली असे सर्वांना वाटू लागते. गेल्या काही वर्षांत मी अशा पाच-सहा सहलींना गेलो आहे, त्यांतील दोन मी स्वतः आखल्या होत्या. बहुतेक अडचणींची कारणे दोनच होती, असे माझे ठाम मत झाले आहे. एक म्हणजे कोकण आणि गोव्याच्या समुद्राची सवय आपण नकळत कोरियाच्या समुद्राला लावतो. दुसरे म्हणजे गटातील प्रत्येक जण "ते कोणीतरी पाहिले असेलच" असे गृहीत धरून बसतो.

समुद्र न निवडता केवळ किनारा निवडणे

कोरियाला तीन बाजूंनी समुद्र आहे आणि या तिन्ही समुद्रांचे स्वभाव एकमेकांपासून फार वेगळे आहेत. पश्चिमेकडचा समुद्र उथळ आहे आणि तिथे भरती-ओहोटीतील फरक प्रचंड असतो. इंचॉनजवळ उधाणाच्या दिवसांत हा फरक सुमारे ९ मीटरपर्यंत जातो. पावसाळ्यात मुंबईत साडेचार मीटरच्या भरतीचा इशारा वर्तमानपत्रांत ठळक छापला जातो, हे आठवले तर हा आकडा किती मोठा आहे ते लक्षात येईल. पूर्वेकडे गांगनुंग, सोकचो आणि यांगयांगच्या किनाऱ्यांवर मात्र हा फरक अर्धा मीटरही नसतो, पण पाणी स्वच्छ, थंड आणि काही पावलांतच खोल होणारे असते. दक्षिणेकडचे बुसान या दोन्हींच्या मध्ये बसते.

हे ठाऊक नसल्यामुळे आमच्या पहिल्या सहलीत आम्ही सात जण इंचॉन विमानतळाजवळच्या उरवांगनी किनाऱ्यावर दुपारी दोन वाजता पोहोचलो, तेव्हा समोर समुद्रच नव्हता. पुळण संपताच करड्या रंगाचा ओला चिखल सुरू होत होता, त्यात अडकून एका बाजूला कललेली एक होडी उभी होती आणि पाण्याची रेघ पार दूर क्षितिजाजवळ चमकत होती. दिवस पौर्णिमेनंतरचा दुसरा होता. भरतीचे वेळापत्रक आमच्यापैकी एकानेही पाहिले नव्हते आणि पोहण्याचे कपडे पिशवीतच राहिले.

आपल्या कोळी बांधवांकडे जसे उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) हे शब्द आहेत, तसेच कोरियन मच्छीमारांकडे "सारी" आणि "जोगुम" आहेत, आणि त्यांचा हिशेबही अमावास्या-पौर्णिमेवरच चालतो. त्यामुळे घरात मराठी दिनदर्शिका असेल तर ढोबळ अंदाज तिच्यावरूनही बांधता येतो. नेमक्या वेळा मात्र कोरियाच्या राष्ट्रीय सागरी सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात. पश्चिम किनाऱ्यावर पोहायचे असेल तर भरतीच्या वेळेच्या आधीचे दीड-दोन तास आणि नंतरचा साधारण तासभर एवढीच सोयीची खिडकी मिळते, आणि दिवसाचा बाकीचा कार्यक्रम तिच्याभोवती आखावा लागतो. ओहोटीतच पोहोचलात तर निराश होण्याचे कारण नाही, कारण येथील चिखलपट्टे, ज्यांना कोरियन भाषेत "गेत्बॉल" म्हणतात, पाहण्यासारखेच आहेत आणि त्यांतील काहींना २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले आहे. मात्र चिखलावर फार आत चालत जाऊ नये. भरतीचे पाणी समोरूनच येते असे नाही. ते आधी चिखलातील खोलगट नाळी भरते आणि पुढे शिंपले शोधत गेलेल्या माणसाची परतीची वाट मागच्या मागे बंद होते. ओहोटी संपायच्या वेळेचा गजर मोबाइलवर लावावा आणि तो वाजण्यापूर्वीच परतायला लागावे.

ह्वासॉंगजवळच्या जेबुदो बेटावर जाणारा रस्ता भरतीत पाण्याखाली जातो. सुवॉनच्या मंडळींना ते जवळ पडते, म्हणून हे मुद्दाम सांगतो: रस्ता खुला असण्याच्या वेळा रोज बदलतात. त्या न पाहता गेल्यास बेटावर काही तास अडकून पडण्याची वेळ येते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायचे असेल तर ती गंमत राहत नाही.

तारीख कोकणाच्या हिशेबाने ठरवणे

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये समुद्रात उतरू नये असे लहानपणापासून शिकवले जाते. कोरियात नेमके याच महिन्यांत किनारे अधिकृतपणे खुले असतात. बुसानचे काही किनारे जूनमध्येच उघडतात, बहुतेक बाकीचे जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालतात. या काळात जीवरक्षक, तरंगत्या दोरांनी आखलेले पोहण्याचे क्षेत्र, शॉवर आणि छत्र्या अशी सर्व व्यवस्था असते. त्याआधी किंवा नंतर, पाणी कितीही मोहक दिसले तरी, तुमच्यावर लक्ष ठेवणारे कोणी नसते. सप्टेंबरच्या आरंभी गर्दी नसते म्हणून पोहायला जाण्याचा बेत अनेक जण आखतात. तेव्हा चालायला, सूर्योदय पाहायला आणि कॉफी प्यायला अवश्य जावे, पण पाण्यात उतरण्याचा हट्ट धरू नये, शिवाय तो वादळांचाही काळ असतो.

जूनच्या अखेरीपासून साधारण जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत "चांगमा" नावाचा पावसाळा असतो. तो संपताच जुलैची अखेर आणि ऑगस्टची सुरुवात या पंधरवड्यात अवघा देश सुटीवर निघतो. कोरियन लोक या दिवसांना "चिलमाल-पालचो" म्हणतात आणि तेव्हा निवासाचे दर वर्षातील सर्वांत चढे असतात. १५ ऑगस्ट हा कोरियाचाही मुक्तिदिन असल्याने त्या दिवशी आपल्याला सुटी मिळते, पण ती सर्वांनाच मिळते. माझ्या मते सर्वांत उत्तम काळ म्हणजे १५ ऑगस्टनंतर किनारा बंद होईपर्यंतचे दिवस, आणि त्यातही रविवारी जाऊन सोमवारी परतणे. गटातील दोघांना सोमवारची रजा मिळत नसेल, तरी उरलेल्यांनी त्यांच्यासाठी शनिवारचा दुप्पट दर देण्यापेक्षा ही चर्चा महिनाभर आधी मोकळेपणाने करावी.

पेन्शनच्या पानावरील दोन आकडे न वाचणे

कोरियात किनाऱ्याजवळ गटाने राहण्यासाठी जी घरे भाड्याने मिळतात त्यांना "पेन्शन" म्हणतात. निवृत्तिवेतनाशी त्याचा संबंध नाही, हे नव्याने आलेल्यांना आधीच सांगितलेले बरे. पेन्शनच्या पानावर माणसांचे दोन आकडे दिलेले असतात: एक ठरावीक भाड्यात राहू शकणाऱ्यांचा आणि दुसरा जास्तीत जास्त किती जण राहू शकतात त्याचा. "४ / ८" असे लिहिलेले असेल तर भाडे चौघांचे असते आणि पाचव्यापासून पुढे प्रत्येक माणसामागे रोख अधिभार द्यावा लागतो. आम्ही आठ जणांच्या घराला चौघांचे भाडे लागेल असे समजून आनंदात होतो. दारात पोहोचल्यावर मालकीणबाईंनी शांतपणे माणसे मोजली, मग मांसाच्या शेगडीचे आणि कोळशाचे वेगळे पैसे सांगितले, आणि आमचा दरडोई हिशेब तिथेच कोलमडला. त्यात फसवणूक काहीच नव्हती, सर्व काही पानावर कोरियन भाषेत लिहिलेले होते. छापील मजकुराचे छायाचित्र काढून भाषांतर करणारे ॲप आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असते, ते पैसे भरण्याआधी वापरावे. माणसांची संख्या, शेगडीचे शुल्क, येण्या-जाण्याच्या वेळा (बहुधा दुपारी ३ आणि सकाळी ११), आणि किती दिवस आधी रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते, एवढ्या चार गोष्टी वाचून गटावर टाकाव्यात. वादळाचा इशारा आल्यास काय होईल हेही त्याच वेळी विचारून ठेवावे.

दुसरी अडचण खास आपल्या नावांची आहे. मराठी माणसाच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव जोडलेले असते आणि एवढे लांब नाव कोरियन अर्जांच्या चौकटींत मावत नाही. मग परदेशी नोंदणीपत्रावर एक नाव, बँकेत दुसरे आणि मोबाइल कंपनीकडे शेवटची अक्षरे कापलेले तिसरेच नाव राहते. आरक्षण करताना ॲप ही नावे एकमेकांशी ताडून पाहते आणि ओळख पटली नाही असे सांगून थांबते. हे सहलीच्या आदल्या रात्री सुटणारे काम नव्हे. नोंदणीपत्र घेऊन आधी मोबाइलच्या दुकानात आणि मग बँकेत जावे, आणि अक्षरे, मोकळ्या जागा व नावांचा क्रम हे सर्व नोंदणीपत्राप्रमाणे करून घ्यावे. तोपर्यंत गटातील ज्याचे खाते व्यवस्थित चालते त्याच्याच नावे आरक्षण करावे.

स्वयंपाकाविषयी एवढेच सांगतो की बऱ्याच पेन्शनमध्ये खोलीच्या आत मासे-मांस भाजायला मनाई असते, आणि हिंग-मोहरीच्या खमंग फोडणीचा वास दुसऱ्या दिवशीही पांघरुणांतून जात नाही. भात शिजवण्याचे यंत्र बहुधा तिथे असते. घरून थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेल्यास सकाळची सोय होते.

शाकाहारी मित्रांचा विचार शेवटी करणे

किनाऱ्यावरील जेवण म्हणजे कच्चे मासे, भाजलेले शिंपले आणि तिखट रस्से. भाजीच्या साध्या दिसणाऱ्या रश्शातही बहुतेक वेळा सुकवलेल्या छोट्या माशांचा अर्क असतो आणि किमचीत खारवलेले मासे घातलेले असतात. त्यामुळे "मांस नको" एवढे सांगून भागत नाही, मासेही नकोत हे स्पष्ट सांगावे लागते, आणि दोन्ही वाक्ये कोरियन भाषेत लिहून मोबाइलमध्ये ठेवावीत. गांगनुंगला जाणार असाल तर चोदांग भागातील मऊ टोफू, जो समुद्राच्या पाण्याने विरजवतात, आवर्जून मागावा, मात्र पांढरा, मसाला न घातलेला. पूर्ण दिवसात शाकाहारी मित्राला केवळ भात आणि समुद्रशेवाळ खावे लागले, असे होऊ देऊ नये.

पाण्यात उतरल्यावरच्या चुका

येथे मी जास्त काटेकोर आहे आणि त्याबद्दल मला संकोच वाटत नाही. आपल्यापैकी अनेकांना विहिरीत किंवा तलावात पोहता येते, पण लाटांत पोहण्याचा सराव नसतो. बुसानच्या हेउंदे किनाऱ्यावर लाटांचे पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे परत जाते आणि माणसाला आत ओढून नेते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे जोर लावून पोहण्याने फक्त दम संपतो. त्याऐवजी किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे, ओढ संपली की मग तिरके परतावे, आणि पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात हलवावा. पूर्व किनाऱ्यावर रबरी ट्यूब घेऊन निवांत पडून राहणाऱ्यांना जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा हळूहळू दोरांपलीकडे नेतो, आणि पाठ किनाऱ्याकडे असल्याने ते ध्यानातच येत नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी दोघादोघांच्या जोड्या लावाव्यात आणि जोडीदाराने जोडीदाराला नजरेआड करू नये. ज्याने मद्य घेतले आहे त्याने त्या दिवशी पाण्यात उतरू नये, मग तो गटातील सर्वांत चांगला पोहणारा असला तरीही.

उन्हाळ्यात मोठे जेलीफिश किनाऱ्याजवळ येतात. डंख झाल्यास चोळू नये आणि नळाचे गोडे पाणीही ओतू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चिकटलेले धागे एखाद्या कार्डाच्या कडेने काढावेत आणि जीवरक्षकांच्या तंबूत जावे. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर ११९ वर फोन करावा. तिथे दुभाष्याची सोय असते, पण आपण कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या टेहळणी मनोऱ्याजवळ आहोत हे सांगता आले पाहिजे, म्हणून पोहोचताच मनोऱ्यावरील क्रमांकाचे छायाचित्र गटावर टाकावे.

गाडी, पैसे आणि परतीचा प्रवास

भारतातून आणलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना कोरियात आल्यापासून जास्तीत जास्त एक वर्षच चालतो. दोन-तीन वर्षे येथे राहिलेला मित्र तो दाखवून भाड्याची गाडी घेऊ पाहत असेल तर त्याला वेळीच थांबवावे. रक्तातील मद्याची मर्यादा २०१९ पासून ०.०३ टक्के आहे, म्हणजे चालवणाऱ्याने एक पेलाही घेऊ नये, आणि आदल्या रात्री उशिरापर्यंत बसले असल्यास सकाळीही थांबावे.

कोरियन विद्यार्थ्यांच्या सहलीत हिशेब ठेवणारा एक "चोंगमू" नेमलेला असतो. ही पद्धत आपणही घ्यावी: निघण्यापूर्वीच प्रत्येकाकडून ठरावीक रक्कम एका खात्यात जमा करावी, सर्व खर्च त्यातूनच करावा आणि शिल्लक परत करावी. मैत्रीत पैसे मागायला जीभ रेटत नाही, आणि त्या संकोचाचा भार नेहमी एकाच माणसावर पडतो.

पुळणीजवळच्या दुकानांत फटाके सर्रास विकले जातात, पण किनाऱ्यावर ते उडवण्यास कायद्याने मनाई आहे. पूर्व किनाऱ्यावर काही ठिकाणी अजून काटेरी तारांची लष्करी कुंपणे आणि चौक्या आहेत, त्यांची छायाचित्रे काढू नयेत. कचऱ्यासाठी त्या-त्या गावाच्या सशुल्क पिशव्याच लागतात, सोलहून नेलेली पिशवी तिथे चालत नाही. त्या गावाची पिशवी जवळच्या सुविधा दुकानात एकेकही मिळते आणि उरलेले अन्न वेगळे टाकावे लागते.

डिसेंबर २०१७ मध्ये गांगनुंगपर्यंत केटीएक्स ही अतिवेगवान रेल्वे सुरू झाल्यापासून सोलहून पूर्व किनारा सुमारे दोन तासांवर आला आहे, आणि म्हणूनच उन्हाळ्यात रविवारी दुपारनंतरच्या परतीच्या गाड्या फार लवकर भरतात. आरक्षण प्रवासाच्या एक महिना आधी सकाळी ७ वाजता उघडते. त्या दिवशी परतीचे तिकीट आधी काढावे आणि जाण्याचे नंतर, कारण जाताना एखादी गाडी चुकली तर दुपारची दुसरी मिळू शकते, पण रविवारी रात्री आठ जणांना एकत्र जागा मिळत नाहीत.