मृत्युपत्र तिशीतच का करावं आणि कसं

अविवाहित हिंदू तरुण मृत्युपत्र न करता गेला आणि आई-वडील दोघंही हयात असले, तर हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे त्याची सगळी मिळकत आईकडे जाते. वडिलांना काहीच मिळत नाही. विवाहित असेल तर पत्नी, मुलं आणि आई यांना समान वाटे. हे मान्य नसेल तर वयाची वाट पाहू नका. 18 पूर्ण आणि शुद्धीवर असलात की पुरे.

बँकेत, सोसायटीत नॉमिनी लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी साधारणपणे फक्त ताबा घेतो, मालक वारसच ठरतात.

साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. फ्लॅटचा नंबर, गट नंबर, खात्याचे शेवटचे चार आकडे लिहा. ‘माझं घर मुलीला’ एवढ्यावर भांडणं होतात. एखादी वस्तू राहून जातेच, म्हणून ‘उरलेली सर्व मिळकत अमुकला’ हे वाक्य घालाच. व्यवस्थापक, म्हणजे तुमच्यामागे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारी व्यक्ती, नेमा.

खरी चूक सहीत होते. दोन साक्षीदारांसमोर प्रत्येक पानावर सही करा, मग त्यांनी तुमच्यासमोर करावी. नंतर घरी जाऊन घेतलेली सही कोर्टात अडचणीत आणते. साक्षीदार तुमच्याहून तरुण हवेत, कारण पुढे साक्ष त्यांनाच द्यायची आहे. ज्याला वाटा मिळणार तो साक्षीदार नकोच.

नोंदणी ऐच्छिक आहे, तरी दुय्यम निबंधकांकडे करून घ्या. लग्न, मूल, नवं घर झालं की नवं मृत्युपत्र करा आणि त्यात जुनं रद्द केल्याचं लिहा. मूळ प्रत कुठे आहे, ते व्यवस्थापकाला सांगून ठेवा.