मिठी नदीचे पाणलोट क्षेत्र क्यूजीआयएसमध्ये कसे आखावे

सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र संगणकाकडून आखून घेणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. मिठीचे तसे नाही. विहार तलावाच्या सांडव्यापासून निघणारी आणि पवईचे पाणी घेऊन मरोळ, साकीनाका, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी असा प्रवास करत माहीमच्या खाडीला मिळणारी ही नदी वरच्या अंगाला डोंगरातली आहे. खालच्या अंगाला मात्र ती भराव, धावपट्टी, रेल्वेचे बांध आणि बंदिस्त नाले यांच्या मधून वाट काढते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यापासून कोणत्या वस्तीचे पाणी मिठीत येते आणि कोणत्या वस्तीचे येत नाही, हा प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता राहिलेला नाही. म्हणून क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमधली पुढील कृती मिठी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. दहिसर, पोईसर किंवा ओशिवरा या नद्यांसाठीही ती थोड्या फरकाने लागू पडते.

सर्वप्रथम उंचीची माहिती, म्हणजे डीईएम, मिळवावी. इस्रोचे कार्टोडीईएम भुवन संकेतस्थळावर, तर एसआरटीएम आणि कोपर्निकस ही दोन जागतिक प्रारूपे ओपनटोपोग्राफीवर मोफत मिळतात, आणि तिन्हींचा सेल, म्हणजे उंचीचा एकेक आकडा धरणारा चौकोन, साधारण ३० मीटरचा असतो. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मधली आहे आणि कोपर्निकसचा आधार २०११ ते २०१५ मधील रडार प्रतिमा आहेत, त्यामुळे मुंबईसाठी कोपर्निकस घ्यावे, असे माझे मत आहे. मिठीचे संपूर्ण खोरे उत्तर १९ अंश, पूर्व ७२ अंश या एकाच तुकड्यात येते, त्यामुळे तुकडे जोडण्याचा खटाटोप करावा लागत नाही. सोबत ओपनस्ट्रीटमॅपवरील नद्या, नाले आणि रेल्वेमार्ग क्विकओएसएम या प्लगइनने, म्हणजे जोडसाधनाने, उतरवून घ्यावेत, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाची ४७ ए/१६ ही जुनी पत्रिका हाताशी असेल तर फारच उत्तम, कारण भराव पडण्यापूर्वीची खाजणे आणि फाटे तीवर दिसतात.

उतरवलेले डीईएम अक्षांश-रेखांशात असते आणि त्यावर लांबी, क्षेत्रफळ किंवा उतार काढता येत नाही. त्यामुळे ‘वार्प’ या साधनाने ते यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३, या प्रक्षेपणात आणावे, सेल ३० मीटरचा ठेवावा आणि पुनर्नमुनाकरणासाठी, म्हणजे नव्या सेलांच्या किमती काढण्यासाठी, ‘बायलिनिअर’ निवडावे. नंतर खोऱ्यापेक्षा चहूबाजूंनी तीन-चार किलोमीटर मोठी चौकट धरून कापून घ्यावे. चौकट तंग ठेवली, तर जलविभाजक, म्हणजे दोन खोऱ्यांमधली सीमा, कडेला आपटतो आणि पुढे मिळणाऱ्या प्रवाहसंचयाच्या रास्टरमध्ये (सेलांच्या ज्या जाळीत प्रत्येक सेलला वरच्या किती सेलांचे पाणी मिळते ते दिसते) ऋण आकडे दिसू लागतात. बाहेरूनही पाणी येत असण्याची शक्यता आहे, हा त्या ऋण आकड्यांचा अर्थ असतो. समुद्राचे सेल शून्य उंचीचे असतात. रास्टर कॅल्क्युलेटरने ते ‘नो डेटा’ करावेत, नाही तर सॉफ्टवेअर समुद्रातही नद्या काढत बसते.

आता मुख्य अडचणीकडे वळू. या प्रारूपांत जमिनीची नव्हे, तर वरून दिसणाऱ्या पृष्ठभागाची उंची असते, म्हणजे राष्ट्रीय उद्यानात झाडांचे शेंडे आणि कुर्ल्यात इमारतींच्या गच्च्या. कोपर्निकसची उभी अचूकता साधारण चार मीटरच्या आत सांगितली जाते. डोंगरात ही चूक पचून जाते, परंतु वांद्रे-कुर्ला संकुलाच्या परिसरात जमिनीची उंचीच समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर असल्यामुळे चूक आणि उतार दोन्ही एकाच मापाचे होतात. या सपाट पट्ट्यात संगणकाने आपण होऊन काढलेली नदी प्रत्यक्ष नदीवर पडली, तर तो योगायोग समजावा.

यावरचा उपाय म्हणजे माहीत असलेले प्रवाह डीईएममध्ये कोरून घालणे. मिठीचे मुख्य पात्र, वाकोला नाला, बापट नाला, सफेद पूल नाला आणि ओळखता येतील तेवढे उपनाले उपग्रहचित्रावरून रेषांच्या लेयरमध्ये आखावेत. ओपनस्ट्रीटमॅपवरील रेषा आधारासाठी घ्याव्यात, पण त्या तुटक असतात आणि नाला रस्त्याखाली गेला की संपतात, हे लक्षात ठेवावे. विमानतळाच्या धावपट्टीखालून मिठी वाहते. तेथे चित्रात केवळ काँक्रीट दिसत असले, तरी रेषा अखंड ठेवली पाहिजे. विहारच्या बाबतीत रेषा बांधाच्या भिंतीवरून न नेता सांडव्यापासून काढावी.

रेषा तयार झाल्यावर ‘रास्टराइज’ साधनाने त्यांचे रास्टर करावे. त्याची चौकट आणि सेल डीईएमशी तंतोतंत जुळले पाहिजेत, रेषेवरच्या सेलला १ आणि बाकी सर्वांना ० किंमत द्यावी, आणि रेषेचा स्पर्श झालेला प्रत्येक सेल धरावा, हा पर्याय चालू ठेवावा, कारण तो बंद असल्यास तिरप्या रेषेत मध्येच एखादा सेल सुटतो आणि कोरलेल्या पात्रात बांध तयार होतो. त्यानंतर रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये डीईएममधून या रास्टरची १० ते २० पट वजा करावी, म्हणजे पात्र तितके मीटर खोल होईल. दाट वस्तीत १० मीटर अपुरे पडतात. कोरलेल्या पात्रातही गच्च्यांचे उंचवटे उरतात, पण पुढच्या पायरीचे साधन कमीत कमी अडथळ्याची वाट शोधत जाणारे असल्यामुळे ते पार होतात. हे कोरलेले डीईएम केवळ प्रवाहाची दिशा काढण्यासाठी वापरावे. उतार, डोंगरछाया (हिलशेड) आणि समोच्च रेषा मूळ डीईएमवरूनच काढाव्यात, अन्यथा कलिन्यात एक काल्पनिक दरी उगवेल.

प्रवाहासाठी ग्रास या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या संचातील ‘आर डॉट वॉटरशेड’ हे साधन वापरावे. क्यूजीआयएसच्या नव्या आवृत्त्यांत ग्रास हे प्लगइन म्हणून चालू करावे लागते, आणि साधन दिसत नाही अशी तक्रार बहुधा त्यामुळेच असते. या साधनाला खड्डे आधी बुजवून दिलेले डीईएम लागत नाही. उंबरठ्यासाठी सुरुवातीला १००० सेल द्यावेत. एका सेलचे क्षेत्र ९०० चौरस मीटर असल्याने किमान ९० हेक्टरांचे पाणी जेथे एकत्र येते तेथून प्रवाह मोजला जाईल. हा आकडा कमी केला की नाल्यांचे जाळे दाट होते, त्यामुळे नदीजाळ्याची घनता सांगताना उंबरठा न सांगणे म्हणजे अर्धीच माहिती देणे होय. फलितांपैकी प्रवाहसंचय, प्रवाहदिशा आणि प्रवाहखंड (नाल्यांचे तुकडे) एवढी तीन रास्टर जतन केली तरी पुरते.

पुढची पायरी मुखबिंदूची, म्हणजे खोऱ्याचे सारे पाणी जेथून बाहेर पडते त्या जागेची, आहे, आणि येथे घाई करू नये. ‘आर डॉट वॉटर डॉट आउटलेट’ या साधनाला प्रवाहदिशेचे रास्टर आणि एका बिंदूचे निर्देशांक द्यावे लागतात, आणि तो बिंदू प्रवाहाच्या सेलवरच पडला पाहिजे. एक सेल बाजूला गेला, तर संपूर्ण खोऱ्याऐवजी काठावरचा मूठभर सेलांचा तुकडा हाती येतो. म्हणून माहीमच्या पुलाजवळ नकाशा इतका मोठा करावा की सुटे सेल दिसतील, ‘आयडेंटिफाय’ने प्रवाहसंचयाची किंमत वाचावी आणि सर्वांत मोठी किंमत असलेल्या सेलच्या मध्यावरचे निर्देशांक घ्यावेत, तेही यूटीएममधलेच. पडताळा सोपा आहे. मिठीच्या पाणलोटाचे क्षेत्र अहवालांत सुमारे ७३ चौरस किलोमीटर दिलेले आढळते, म्हणजे मुखाशी संचय साधारण ८१,००० सेलच्या आसपास असावयास हवा. आकडा त्याच्या अर्ध्यावर असेल, तर कोरलेली रेषा वर कुठेतरी तुटलेली आहे, असे समजून तिचा शोध घ्यावा. फलित रास्टर ‘पॉलिगोनाइज’ करून बहुभुज, म्हणजे खोऱ्याच्या सीमेचा बंद आकार, मिळवावा आणि क्षेत्रफळ फील्ड कॅल्क्युलेटरने काढावे.

या बहुभुजात विहार आणि तुळशी येतात का? भूरूपाच्या दृष्टीने येतात, कारण तुळशीचा सांडवा विहारमध्ये आणि विहारचा मिठीत उतरतो. पण १८६० पासून विहारचे पाणी बांधाने अडवलेले आहे, आणि तलाव भरून वाहू लागेपर्यंत वरच्या डोंगरांचा पाऊस कुर्ल्याला पोहोचत नाही. त्यामुळे विहार आणि पवईच्या बांधांवर स्वतंत्र मुखबिंदू देऊन त्यांची खोरी वेगळी काढावीत आणि ‘डिफरन्स’ साधनाने मूळ बहुभुजातून वजा करून दुसरा नकाशाही तयार करावा. पुराविषयी बोलायचे असेल, तर दोन्ही नकाशे शेजारी ठेवल्यावाचून बोलू नये.

प्राकृतिक रचनेचे उरलेले थर तुलनेने झटपट होतात. उतार अंशांत काढून त्याचे चार-पाच वर्ग करावेत, डोंगरात २० मीटर आणि सखल भागात त्याहून कमी अंतराच्या समोच्च रेषा घ्याव्यात, आणि ‘हिप्सोमेट्रिक कर्व्ह्ज’ने उंचीनुसार क्षेत्राचा आलेख काढावा. खडकांसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे भूकोश संकेतस्थळ आहे, तर कांदळवन, वस्ती आणि वन यांसाठी युरोपीय अंतराळ संस्थेचे (ईएसए) १० मीटरचे वर्ल्डकव्हर चालते.

सीमेची पडताळणी मात्र जमिनीवरच व्हावी. पूर्वेकडे विक्रोळी-घाटकोपरच्या टेकड्यांवर जलविभाजक स्पष्ट असतो आणि तेथे शंका उरत नाही. पश्चिमेला सांताक्रूझ ते वांद्रे या पट्ट्यात तो रेल्वेच्या बांधापाशी घुटमळतो, कारण बांधाखालच्या मोऱ्यांतून पाणी नेमके कोणत्या दिशेला जाते, हे ३० मीटरच्या सेलला कळत नाही. अशा ठिकाणी मोरी गाठून, ओहोटीच्या वेळी प्रवाहाची दिशा पाहून रेषा हाताने दुरुस्त करावी. भरतीच्या वेळी पाहू नये, कारण खाडीचे पाणी मिठीत आणि तिच्या नाल्यांत उलटे चढते. महापालिकेच्या कागदांवरून नाल्यांच्या तळाची उंची मिळाली, तर ती बहुधा टाउन हॉल डेटमवर, म्हणजे मुंबईत उंची मोजण्याच्या जुन्या संदर्भपातळीवर, दिलेली असते. त्या डेटमचे शून्य समुद्रसपाटीच्या बरेच खाली असल्यामुळे रूपांतर केल्याशिवाय ते आकडे डीईएमच्या आकड्यांशेजारी मांडू नयेत. नकाशाच्या सूचीत डीईएमचे नाव, उंबरठा, पात्र किती मीटर कोरले तो आकडा आणि मुखबिंदूचे निर्देशांक लिहावेत, आणि हाताने दुरुस्त केलेली सीमा तुटक रेषेने वेगळी दाखवावी.