तांबं ठोकून बघा: सहावीच्या वर्गासाठी एक प्रयोग

ताम्रपाषाण युगाचा धडा मी मुलांच्या हातात तार देऊन सुरू करते. मी शिरूरला शिकवते. घोड नदीकाठची इनामगावची पांढर, म्हणजे त्या युगातल्या गावाची उत्खनन झालेली जागा, आमच्याच तालुक्यातली.

सामान थोडंच लागतं. अर्थिंगची एकसंध तांब्याची तार, पेन्सिलीच्या शिशाएवढी जाड, वीतभर. वरचं प्लास्टिक पूर्ण सोलून घ्या, जळलं तर धूर घातक असतो. नदीतला गुळगुळीत गोटा, जुना पाटा, सांडशी, बादलीभर पाणी. कपची उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच.

आधी तार नुसती वाकवू द्या. सहज वाकते. मग एक टोक गोट्याने ठोकून चपटं करा. सुरुवातीला तांबं पसरत जातं, मग ताठरतं, गोटा उसळू लागतो. तसंच रेटलं तर कडांना तडे जातात. इथे थांबा आणि विचारा, आता काय करायचं? उत्तर सांगायची घाई करू नका. माझ्याकडे बहुतेकजण म्हणतात, "बाई, अजून जोरात ठोकू."

आता तुम्ही स्वतः तार सांडशीत धरून गॅसवर मंद लाल करा, पाण्यात बुडवा आणि परत मुलांकडे द्या. ती पुन्हा मऊ झालेली असते! लोहाराचं काम पाहिलेली मुलं लगेच हटकतात, कारण पोलादी कोयता असा बुडवला की कडक होतो. तांब्याचं तसं नाही. पाणी फक्त गार करायला.

तुर्कस्तानातल्या चायोनूला सुमारे १०,००० वर्षांपूर्वी माणसांनी निसर्गात सापडलेलं तांबं असंच तापवून, ठोकून मणी घडवले. तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात. मऊ करायला मात्र साधी आग पुरते. म्हणून ही युक्ती ओतकामाच्या कितीतरी आधी साधली.

शेवटी टोकाला धार ठोका आणि यानंतर तापवू नका, नाहीतर कडकपणा जाईल.

मग या धारेने आणि गारेच्या कपचीने सुतळी कापायला लावा. कपची जिंकते. इनामगावलाही दगडी पाती ढिगाने मिळाली, तांबं मोजकंच. मग तांबं हवं कशाला, असं कुणीतरी विचारतंच. तेव्हा कपची मोडून द्या, तार वाकडी करून द्या, आणि दोन्ही दुरुस्त करायला सांगा.