कुसळ धरायच्या आत कुरण कापा

श्रावण सरता सरता पठारावरचे गवत पोटरीत येते. फुलोरा दिसू लागला की कापणीची वेळ झाली समजावे. आपल्याकडे मात्र दिवाळीनंतर, सुगी उरकल्यावर विळे निघतात. तोवर उतारावर पिवळ्या काड्या आणि कुसळे उरलेली असतात.

कुसळी मुळात वाईट गवत नाही. कोवळी असताना गाई-मेंढ्या ती बिनतक्रार खातात. बी धरले की चित्र पालटते. बियाला सुईसारखे टोक आणि मागे पिळदार लांब शेपूट. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्याने बी मातीत शिरते. लोकरीत अडकलेले कुसळ मेंढीच्या कातडीतही तसेच घुसते. म्हणीत ते दुसऱ्याच्या डोळ्यात दिसते, कळपात खरोखर डोळ्यात जाते. मेंढी चरायची थांबून लाळ गाळत असेल तर आधी तोंड उघडून जीभ-हिरड्या बघा.

म्हणून कुसळीचे पट्टे आधी चारून घ्या किंवा कापा. मारवेल, पवना, डोंगरी ही चांगली गवते नंतर कापली तरी चालेल, पण तीही बी गळून काडी होईपर्यंत ठेवू नका. मारवेल ओळखायला सोपे: पेऱ्याभोवती पांढऱ्या केसांचे कडे असते. बांधावर दिसले तर पाऊस आहे तोवर ठोंबे काढून माळावर लावा. जनावर चांगले गवत आधी वेचून खाते, त्यामुळे बारमाही चराईच्या माळावर मारवेल संपते आणि कुसळी माजते. म्हणून मारवेलचा एखादा पट्टा तेवढा दरवर्षी बी पडेपर्यंत राखलाच पाहिजे.

घाणेरी (काही भागांत टणटणी) ही अमेरिकेतून आलेली. पोट भरलेले जनावर तिला सहसा तोंड लावत नाही. फसते ते उपाशी किंवा बाजारातून नवे आणलेले. शेण घट्ट होणे, डोळे आणि लघवी पिवळी, नाकपुडीची व पांढऱ्या ठिकाणची कातडी उन्हाने भाजल्यासारखी सोलणे, ही लक्षणे. जनावर लगेच सावलीत बांधा. पाला पोटात रेंगाळून विष भिनवत राहतो, तेव्हा पशुवैद्यकाला बोलवायला दोन दिवस वाट पाहू नका. गाजरगवताने दूध कडवट होते, तेही कुरणातून उपटून टाका, फुलायच्या आधी.

सगळ्यात घाईचा धोका कुरणाच्या कडेला असतो. कडवळ (चाऱ्याची ज्वारी) कापलेल्या रानात फुटलेली हिरवीगार ज्वारी, किंवा पावसाने ताण दिल्यावर खुरटलेली. माळावरून परतताना जनावर तिथे घुसले तर काही मिनिटांतही धापा, तोंडाला फेस, थरथर सुरू होते. शिरेतून इंजेक्शन वेळेत मिळाले तर वाचते. पोट फुगले म्हणून तेल पाजत बसू नका, धापा टाकणाऱ्या जनावराला ठसका लागून ते फुप्फुसात जाते. पशुवैद्यकाला फोन करून पहिले वाक्य हेच सांगा: कोवळी ज्वारी खाल्ली आहे.